मागची चाकं, काळी माती आणि बर्फ

मागच्या चाकांवर चालणारी स्पोर्ट्स कार बर्फाळ हिवाळ्यात वापरावी की नाही, हा प्रश्न जळगाव-धुळ्यात ऐकला तर तो दुसऱ्याच कुणाचा तरी वाटेल. मे महिन्यात इथला पारा ४५ अंशांपलीकडे जातो, आणि जानेवारीत थंडीची लाट आली तरी ती केळीच्या बागांना बाधते, रस्त्यांना नाही. पण ‘बर्फ’ हा शब्द क्षणभर बाजूला ठेवला तर उरतो तो प्रश्न असा : जमीन निसरडी असताना गाडीला मागून रेटा देणं धोक्याचं आहे का? हा प्रश्न खान्देशाच्या रोजच्या जगण्यातला आहे. शेतातला ट्रॅक्टर, गावोगाव फिरणारी काळी-पिवळी, मालाचा ट्रक, एसटी, रिक्षा, ओम्नी, बोलेरो ही सगळी वाहनं मागच्या चाकांवर चालतात, आणि त्यांतली बरीच जून ते सप्टेंबर चिखलातून जातात. शिवाय आता बर्फही तितका लांब राहिलेला नाही. इथल्या एमएच-१८ आणि एमएच-१९ क्रमांकाच्या गाड्या सुट्टीत मनालीपर्यंत जातात, रावेर-यावलची केळी ट्रकांतून जम्मू-काश्मीरपर्यंत पोचते, आणि शिक्षण-नोकरीसाठी जर्मनी किंवा कॅनडाला गेलेल्या मुलामुलींना तिथे पहिल्याच नोव्हेंबरात हा प्रश्न समोर येतो. सर्वसाधारण उत्तर ठरलेलं आहे : मागच्या चाकांची गाडी निसरड्यावर नको. हे उत्तर पूर्ण चुकीचं नाही, पण त्यात प्रश्नांचा क्रम चुकलेला आहे. माझं म्हणणं असं की निसरड्या वाटेवर पहिला प्रश्न टायरचा, दुसरा त्या टायरवर पडणाऱ्या वजनाचा, आणि कोणती चाकं गाडी ओढतात हा तिसरा. क्रम उलटा लावल्यामुळे आपण गाडीला दोष देत बसतो आणि जे हाताशी असतं ते करायचं राहून जातं.

आधी जमिनीबद्दल बोलू. तापीच्या खोऱ्यातली काळी माती बेसाल्ट खडकाच्या झिजेतून तयार झाली आहे. तिच्यातली चिकण माती पाणी शोषून फुगते आणि उन्हाळ्यात आकसून हातभर खोल भेगा पाडते. कापसाला जी माती मानवते तीच पावसाळ्यात चाकाचा जीव खाते, आणि तिची खाण्याची तऱ्हा बर्फाच्या अगदी उलट आहे. बर्फावर चालणाऱ्या टायरच्या खाचांत बर्फ भरला तर पकड वाढते, कारण दाबला गेलेला बर्फ रस्त्यावरच्या बर्फाला धरतो. हिवाळी टायरवर बारीक चिरा दाट दिलेल्या असतात त्याचं एक कारण हेच. काळ्या मातीत खाच भरली की टायर संपला. त्या मातीला ओली असताना आतून कसलाही धर नसतो, ती चाकाभोवती लिंपली जाते आणि नवाकोरा टायरही गुळगुळीत लाटण्यासारखा होतो. म्हणून वाफसा येण्याआधी शेतात चाक घालायचं नाही, हा शेतकऱ्याचा नियम जमिनीसाठी जितका आहे तितकाच गाडीसाठीही. खरी अडचण तेव्हा होते जेव्हा हीच माती ट्रॅक्टर-ट्रॉलीच्या चाकांबरोबर डांबरी रस्त्यावर येते आणि त्यावर सरीचा एक शिडकावा होतो. वर दिसायला डांबर, खाली मातीचा लगदा. त्यात पावसाळ्याच्या पहिल्या सरीत आठ महिने साचलेलं तेल आणि धूळ मिसळते. चार-सहा जोरदार सरींनी रस्ता धुतला गेला की ओल्या डांबरावरही बरी पकड मिळते. धोका पहिल्या अर्ध्या तासात आणि शेतरस्ता मुख्य रस्त्याला मिळतो त्या वळणावर एकवटलेला असतो.

या मातीशी झुंजायला खान्देशानं जे यंत्र आपलंसं केलं ते नेमकं मागच्या चाकांचं आहे, ही गोष्ट या चर्चेत कुणी लक्षात घेत नाही. आपल्याकडचे बहुसंख्य ट्रॅक्टर आजही दोन मागच्या चाकांवर चालतात. बर्फात मागच्या चाकांची कार चालवणारा स्वीडिश किंवा कॅनेडियन माणूस जे जे उपाय शोधतो ते सगळे ट्रॅक्टरमध्ये आधीच बांधलेले आहेत. ट्रॅक्टरचं ढोबळ दोन तृतीयांश वजन मागच्या चाकांवर असतं. ते कमी पडलं तर टायरमध्ये पाणी भरतात, चाकाला ओतीव लोखंडाची वजनं लावतात. मागच्या टायरचे दात तिरपे, उंच आणि मोकळ्या अंतरावर असतात, म्हणजे फिरताफिरता चिखल आपोआप झटकला जातो. एक चाक जागच्या जागी फिरायला लागलं की डिफरन्शियल लॉकचा पेडल दाबून दोन्ही चाकं एकत्र बांधता येतात. नाहीतर साध्या डिफरन्शियलमुळे ज्या चाकाला पकड नाही तेच फिरत राहतं आणि पकड असलेलं चाक उभं राहतं. डाव्या-उजव्या चाकाचे ब्रेक वेगळे असल्यामुळे पुढची चाकं चिखलात वळण घेईनात तर मागच्या एका चाकाला रोखून ट्रॅक्टर फिरवता येतो. वजन, टायर, दोन चाकांची सांगड आणि सावकाश सोडलेला क्लच : यादी इथे संपते. बर्फाळ देशातल्या स्पोर्ट्स कारच्या मालकाला जाणकार जो सल्ला देतात तोही याहून फार वेगळा नसतो. सांगड घालणारा डिफरन्शियल त्याच्या गाडीत आपोआप काम करतो, वजनासाठी तो डिकीत वाळूची पोती ठेवतो आणि दातांऐवजी हिवाळी टायर घालतो.

ट्रॅक्टर या मांडणीचा दोषही तितक्याच स्पष्टपणे दाखवतो. मागे वजन वाढलं की पुढची चाकं हलकी होतात. जड अवजार लावून चढावर गेलेला ट्रॅक्टर पुढून उचलतो. मागची चाकं चिखलात रुतली असताना त्यांच्यापुढे ओंडका बांधून जोर दिला तर चाक फिरण्याऐवजी सगळा ट्रॅक्टरच आसाभोवती मागे फिरतो आणि चालकावर उलटतो. पूर्वीच्या काळी-पिवळीत मागच्या दाराला लोंबकळणारी माणसं मागच्या चाकांना पकड द्यायची खरी, पण स्टिअरिंग हलकं पडायचं आणि झोला बसला की मागचं वजन गाडीला बाहेर फेकायचं. म्हणून वाळूचं पोतं ठेवायचं ते मागच्या आसाच्या बरोबर वर किंवा किंचित पुढे, घट्ट बांधून. बंपरजवळ ठेवलेलं पोतं वळणावर वैरी होतं.

आता मुळातलं कारण पाहू, कारण त्याबद्दल एक गोड गैरसमज आहे. बैल गाडीच्या पुढे असतो, म्हणून ओढणं स्वाभाविक आणि ढकलणं अस्थिर, असं बरेच जण समजावतात. मोटारीला हा दाखला लागू होत नाही. जमीन चाकाला जे बळ देते ते पुढून मिळालं काय नि मागून मिळालं काय, गाडी तेवढीच पुढे सरते. फरक पडतो तो टायरच्या पकडीच्या वाटपामुळे. प्रत्येक टायरजवळ पकडीचा एकच साठा असतो आणि तो दोन कामांना पुरवायचा असतो : गाडी पुढेमागे करणं आणि तिला आडवं घसरू न देणं. एकाच विहिरीवर कपाशी आणि केळी दोन्ही भिजवायची असतील तर एका बाजूला पाणी सोडलं की दुसऱ्या बाजूला कमी पडणारच. मागच्या चाकांच्या गाडीत वळणावर ॲक्सिलरेटर जास्त दाबला तर मागच्या टायरांचा साठा पुढे ढकलण्यात संपतो, आडवं धरून ठेवायला काही उरत नाही आणि गाडीचा मागचा भाग बाहेर फिरतो. पुढच्या चाकांच्या गाडीत तीच चूक केली तर पुढची चाकं वळायचं सोडून सरळ जातात. दोन्हीत गाडी हातातून सुटते. पण पुढच्या चाकांच्या गाडीत घाबरलेला माणूस स्वाभाविकपणे जे करतो, म्हणजे पाय उचलतो, त्यानं ती बहुधा सावरते. मागून फिरलेली गाडी सावरायला स्टिअरिंग घसरण्याच्या दिशेला फिरवावं लागतं, तेही लगेच आणि मोजकं. हे शिकल्याशिवाय येत नाही. मागच्या चाकांविरुद्धचा सगळ्यात खरा मुद्दा हाच आहे, आणि तो मी मान्य करते.

पण तो मान्य करूनही तिसऱ्या क्रमांकाचा प्रश्न पहिला होत नाही. हे आकड्यांनी दाखवता येतं. कोरड्या डांबरावर टायरच्या पकडीचा गुणांक साधारण ०.७ ते ०.८ असतो, ओल्या डांबरावर ०.४ ते ०.६, दाबलेल्या बर्फावर ०.२ ते ०.३ आणि काचेसारख्या गोठलेल्या पाण्यावर ०.१ किंवा त्याहूनही कमी. उन्हाळी टायरचं रबर सुमारे ७ अंश सेल्सिअसच्या खाली कडक होऊ लागतं, म्हणून बर्फावर त्याची पकड आणखी घटते. हिशेबासाठी बर्फावर हिवाळी टायरची पकड ०.२५ आणि उन्हाळी टायरची ०.१२ धरू. पुढच्या चाकांच्या मोटारीत सुमारे ६० टक्के वजन पुढे असतं, मागच्या चाकांच्या चांगल्या स्पोर्ट्स कारमध्ये मागे जवळपास ५० टक्के. उन्हाळी टायर लावलेली पुढच्या चाकांची गाडी या हिशेबानं शंभर मीटरला सुमारे सात मीटरचा चढ चढेल. हिवाळी टायर लावलेली मागच्या चाकांची गाडी बारा मीटरचा चढेल, कारण चढावर वजन किंचित मागे सरकतं हा फायदा सोडून दिला तरी टायरचा फरक ओढणाऱ्या चाकांच्या फरकाला झाकून टाकतो. आणि चारही चाकांवर चालणारी पण उन्हाळी टायर घातलेली गाडी? तीसुद्धा बारा मीटरचाच. चढावर दोघी सारख्या. उतारावर मात्र चार चाकांच्या या गाडीचे ब्रेक ०.१२ च्या पकडीवर लागतात आणि दुसरीचे ०.२५ वर. ताशी ४० किलोमीटर वेगानं सपाटीवर येताना पहिलीला थांबायला सुमारे ५२ मीटर लागतील, दुसरीला २५. ब्रेक प्रत्येक मोटारीला चारही चाकांवर असतात. इंजिन कोणत्या चाकांना जोडलंय याच्याशी थांबण्याचा संबंध नाही.

म्हणून मनालीच्या रस्त्यावरच्या एका नियमाकडे मला वेगळ्या नजरेनं पाहावंसं वाटतं. ३ ऑक्टोबर २०२० रोजी अटल बोगदा सुरू झाल्यापासून हिवाळ्यात लाहौलच्या बाजूला जाणाऱ्या पर्यटकांची गर्दी वाढली आहे, आणि बर्फ पडत असताना तिथे फोर-बाय-फोर किंवा साखळ्या लावलेल्या गाड्यांनाच पुढे सोडतात. साखळीची अट योग्य आहे, कारण साखळी पकड वाढवते, जाताना आणि थांबताना दोन्ही वेळा. फोर-बाय-फोरची अट मात्र चढण्यापुरती उपयोगाची. आपल्याकडून गेलेली चार चाकांची एसयूव्ही सोलंगपर्यंत सहज जाते, त्यामुळे चालकाला रस्ता किती निसरडा आहे हे कळतच नाही, आणि ते कळतं तेव्हा समोर उतार आणि रांगेत उभी असलेली पुढची गाडी असते. मागच्या चाकांची गाडी निघतानाच चाक फिरवून सूचना देते. या सूचनेला मी दोष मानत नाही.

इतिहासही याच बाजूनं बोलतो. स्वीडनमध्ये बर्फ आहे, लांब रात्री आहेत, आणि त्याच देशाच्या व्होल्वो कंपनीनं १९७४ ते १९९३ या काळात व्होल्वो २४० ही मागच्या चाकांची गाडी बनवली. तिच्या मालिकेतल्या सुमारे २८ लाख गाड्या रस्त्यावर आल्या. त्याच देशातली साब कंपनी पुढच्या चाकांच्या गाड्या करत होती. दोन्ही चालल्या. मॉन्टे कार्लोच्या हिवाळी रॅलीत, जिथे एकाच दिवसात कोरडं डांबर, बर्फ आणि गोठलेला घाट येतो, तिथे साब आणि मिनी या पुढच्या चाकांच्या गाड्या जिंकल्या, आणि १९६८, १९६९, १९७० अशी सलग तीन वर्षं पोर्शे ९११ जिंकली, जिचं इंजिनच मागच्या आसाच्या मागे आहे. १९८३ मध्ये वाल्टर रोर्ल यांनी मागच्या चाकांची लान्सिया ०३७ घेऊन चार चाकांच्या ऑडी क्वात्रोला तिथे हरवलं. त्या वर्षी रस्ता बराच कोरडा होता आणि लान्सियाच्या चमूनं टायर बदलण्याचा हिशेब अधिक नीट केला होता. यावर आक्षेप येईल की रॅलीचे चालक असामान्य असतात, त्यांच्या टायरला खिळे असतात आणि त्यानंतर चार चाकांच्या गाड्यांनीच ही रॅली जिंकली. तीनही गोष्टी खऱ्या आहेत. मागची चाकं बर्फावर सर्वांत उत्तम असा माझा दावा नाही. ताकद प्रचंड असेल तर ती चार टायरांत वाटणं शहाणपणाचंच आहे, आणि १९८३ नंतर रॅलीच्या गाड्यांची ताकद प्रचंड झाली. पण एकाच बर्फावर पाव शतकात तिन्ही मांडण्या जिंकल्या, यावरून एवढं दिसतं की मांडणीपेक्षा टायर आणि चालक मोठे आहेत. बर्फाळ देशांच्या कायद्यांनीही हेच ओळखलं आहे. क्वेबेक प्रांतानं २००८ पासून हिवाळी टायर सक्तीचे केले. आता ती सक्ती १ डिसेंबर ते १५ मार्च असते. ऑस्ट्रियात हिवाळी टायरची खाच निदान ४ मिलिमीटर खोल असावी लागते. मागच्या चाकांच्या गाडीवर हिवाळ्यापुरती बंदी घालणारा कायदा या देशांनी केलेला नाही.

स्पोर्ट्स कारची खरी अडचण वेगळीच आहे आणि तिच्याबद्दल फार कमी बोललं जातं. अशा गाडीचे टायर रुंद आणि बहुधा उन्हाळी असतात. सैल बर्फावर रुंद टायर खाली जाऊन घट्ट थर धरण्याऐवजी वरच तरंगतो आणि बर्फ पुढे लोटत राहतो. म्हणून जाणकार हिवाळ्यात मुद्दाम एक माप अरुंद टायर घालतात. दुसरं, गाडीचं पोट जमिनीपासून जेमतेम १२-१३ सेंटीमीटर असतं. बर्फ त्याहून जास्त साचला की ती होडीसारखी बर्फावर टेकते, आणि मग कोणतीही चाकं फिरोत, उपयोग नाही. शेतरस्त्याच्या खोल चाकोरीत मोटारीचं पोट मधल्या उंचवट्यावर टेकतं ते याचंच भावंड. तेव्हा बर्फाळ गावात स्पोर्ट्स कार वापरायची असेल तर तिला खरी मर्यादा घालते बर्फाची खोली. मीठ टाकून साफ होणाऱ्या शहरातल्या रस्त्यांवर चार हिवाळी टायर, चारही सारखे, आणि संयमी पाय एवढ्यावर ती हिवाळा काढते. न साफ केलेल्या डोंगरी वाटेवर काढत नाही.

इलेक्ट्रॉनिक्समुळे हा सगळा प्रश्नच जुना झाला, असा आक्षेप हल्ली सर्रास ऐकू येतो. त्यात तथ्य आहे. घसरू लागलेल्या गाडीचं एकेक चाक आपोआप रोखून तिला सरळ करणारी स्थिरता यंत्रणा १९९५ च्या सुमारास आली, आणि अमेरिकेच्या अभ्यासांत तिच्यामुळे मोटारींचे एकट्यानं होणारे अपघात सुमारे एक तृतीयांशानं घटल्याचं आढळलं. मागच्या चाकांच्या गाडीचा सर्वांत मोठा दोष, म्हणजे अचानक मागून फिरणं, तिनं बराच बोथट केला. पण ही यंत्रणा असलेल्या पकडीची वाटणी करते, पकड निर्माण करत नाही. विहीर आटली तर बारी कितीही हुशारीनं लावली तरी पाणी येणार कुठून? आणि आता मागची चाकं नव्या रूपात परत येत आहेत. चाकणला तयार होणाऱ्या महिंद्राच्या बीई ६ या इलेक्ट्रिक गाडीत मोटर मागच्या आसावर आहे आणि तिच्या मोठ्या बॅटरीच्या प्रकारात ताकद २१० किलोवॅट. जुन्या ओम्नी-बोलेरोच्या कितीतरी पट ताकद मागच्या दोन टायरांवर येते, पाय ठेवताक्षणी. याची एक बाजू चांगली : इलेक्ट्रिक मोटरचं बळ सेकंदाच्या बारीक भागात कमी करता येतं, त्यामुळे चाक फिरण्याआधीच आवर बसतो. दुसरी बाजू सावध करणारी : पाय उचलला की मोटर बॅटरी भरण्यासाठी मागच्या चाकांना रोखते, म्हणजे निसरड्यावर नुसता पाय उचलणं हे हलका हँडब्रेक ओढण्यासारखं होऊ शकतं. गाडीतली यंत्रणा हे सांभाळते, तरी पावसात हा रोध सर्वांत कमी पातळीवर ठेवणं बरं. धुळ्याहून लळिंगच्या घाटात किंवा चाळीसगावहून कन्नडच्या घाटात पहिल्या पावसात जाणाऱ्याला या एका सवयीचा उपयोग होईल.

या सगळ्या चर्चेत खान्देशाचा सर्वांत जड पुरावा ट्रकचा आहे, आणि तो पाहिल्यावर वजनाचा मुद्दा दुसऱ्या क्रमांकावर का येतो हे उमगतं. केळीनं भरलेला ट्रक मागच्या चाकांवर चालतो आणि भरलेला असल्यामुळे ती चाकं जमिनीला घट्ट धरतात. काश्मीरच्या वाटेवर बर्फ आला की त्याच मागच्या चाकांना साखळ्या चढतात आणि तो पुढे जातो. परतीच्या वाटेवर रिकामा झालेला तोच ट्रक मागून हलका होतो, आणि ओल्या रस्त्यावर जोरात ब्रेक दाबला की त्याची मागची बाजू आडवी येऊ पाहते. नासाच्या लँग्ली केंद्रात वॉल्टर हॉर्न यांनी १९६० च्या दशकात दाखवलं की पाण्याच्या थरावर टायर तरंगू लागण्याचा वेग टायरमधल्या हवेच्या दाबावर ठरतो; त्यांच्या सूत्रानं ३० पीएसआय दाबाच्या मोटारीच्या टायरला तो वेग ताशी सुमारे ९१ किलोमीटर येतो, २४ पीएसआयला ८२. खाच झिजलेली असेल तर ही वेळ आणखी लवकर येते. ट्रकच्या टायरमधला दाब कितीतरी जास्त असल्यानं भरलेला ट्रक सहसा तरंगत नाही, रिकामा मात्र हलका असल्यानं तरंगू शकतो. म्हणजे तेच वाहन, तीच मागची चाकं, तोच चालक, आणि धोका भरलेल्या-रिकाम्या गाडीनुसार बदलतो. ओढणाऱ्या चाकांना दोष देणाऱ्यांना या एका उदाहरणाचं उत्तर देता येत नाही. ४ जुलै २०२३ रोजी शिरपूर तालुक्यात पळासनेरजवळ मुंबई-आग्रा महामार्गावर ब्रेक निकामी झालेला कंटेनर गाड्यांना उडवत थांब्यावरच्या हॉटेलात घुसला आणि निदान दहा माणसं गेली. तिथेही प्रश्न थांबण्याचाच होता. घाटात जीव वाचतात ते थांबण्याच्या ताकदीनं, आणि चर्चा मात्र ओढण्याच्या ताकदीची होते.

एक शेवटचा आक्षेप उरतो : टायर महाग, आणि खान्देशात हिवाळी टायर घालून कोण फिरणार? कुणीच फिरू नये. इथल्या ४५ अंशांत ते रबर झपाट्यानं खाल्लं जाईल. पण पावसाळ्याचा टायर म्हणून वेगळी वस्तू घ्यावी लागत नाही, खोल खाचांचा साधा टायर पुरतो. आपल्या नियमात मोटारीच्या टायरची खाच १.६ मिलिमीटरच्या आत गेली की टायर बाद. ती कायद्याची शेवटची पायरी आहे. पाणी बाहेर फेकण्याची ताकद त्याच्या बरीच आधी संपलेली असते. टायरच्या खाचेत असलेल्या छोट्या उंचवट्यापर्यंत रबर झिजलं की ही मर्यादा आली, हे कुणालाही बोटानं तपासता येतं. आणि दोनच नवे टायर परवडत असतील तर ते मागच्या आसावर लावावेत, गाडी पुढच्या चाकांची असली तरीही, कारण मागून फिरलेली गाडी सावरणं हेच सर्वांत अवघड. गावोगावचे टायरवाले उलट सल्ला देतात, पुढे स्टिअरिंग आहे म्हणून नवे पुढे. पावसाळ्यात तो सल्ला मोडावा.

राहिला चालकाचा पाय. स्वीडनमध्ये वाहन परवाना मिळण्याआधी निसरड्या मैदानावर गाडी घसरवून पाहण्याचं प्रशिक्षण सक्तीचं आहे. आपल्या परवान्याच्या चाचणीत आकडे काढायला लावतात, उलटी गाडी घ्यायला लावतात. निसरड्यावर गाडी काय करते हे मात्र चालक पहिल्यांदा अनुभवतो तो थेट रस्त्यावर, समोरून ट्रक येत असताना. हे आधीच शिकवायला बर्फ लागत नाही. गुळगुळीत फरशीचा पन्नास मीटरचा पट्टा, त्यावर सोडलेलं टँकरभर पाणी, कडेला जुन्या टायरांची भिंत, आणि ताशी वीस-पंचवीसच्या वेगात मागून फिरणारी एखादी जुनी बोलेरो. जळगावला एक आणि धुळ्याला एक पट्टा, मे महिन्यात, पहिल्या सरीच्या आधी.